सहा जानेवारी : प्रकटीकरणाचा दिवस

(शब्बाथशाळा शिक्षकांसाठी)

शास्त्रपाठ : मत्तय २:१-१२, गणना २४:१५-१९, यशया ६०:१-६

नाताळ आटोपला, पताका उतरल्या, कागदी तारा पुढच्या वर्षासाठी माळ्यावर गेला की आपल्या बहुतेक मंडळ्यांत ख्रिस्तजन्माचा विषय संपतो. नववर्षाची उपासना होते आणि त्यानंतरच्या रविवारी शब्बाथशाळेत नवा धडा उघडतो. परंतु मंडळीच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळ बारा दिवसांचा आहे. २५ डिसेंबरला सुरू झालेला हा काळ ५ जानेवारीस पुरा होतो, आणि ६ जानेवारीस दुसरा सण उभा राहतो. त्याचे नाव प्रकटीकरण. वर्गात हे नाव घेताना थोडे सावध असावे, कारण चुणचुणीत मुले लगेच पवित्र शास्त्राचे शेवटचे पुस्तक उघडतात. येथे त्या पुस्तकाचा संबंध नाही. ‘एपिफनी’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ दिसू लागणे, प्रगट होणे. आणि पश्चिमेकडील मंडळ्यांत हा दिवस ख्रिस्त विदेश्यांस प्रगट झाला त्याची आठवण म्हणून पाळला जातो. ते विदेशी म्हणजे पूर्वेकडून आलेले मागी लोक.

ह्या लेखात हा एकच दिवस घेऊन बसावयाचे आहे. ६ जानेवारीस मंडळीत काय चालते ते आधी पाहू, आणि मग ह्याच तारखेस जगात इतर काय घडले तेही पाहू. दोन गोष्टी एकाच तारखेला घडल्या म्हणून त्यांत देवाची खूण शोधण्याची घाई करू नये. पण शिक्षकाच्या दृष्टीने तारीख ही भिंतीतल्या खुंटीसारखी असते. तिला गोष्ट टांगली म्हणजे मुलांच्या लक्षात राहते.

मत्तय काय सांगतो आणि काय सांगत नाही

नाताळच्या नाटकात तीन राजे उंटांवरून येतात, गव्हाणीपुढे मेंढपाळांच्या शेजारी गुडघे टेकतात आणि पडदा पडतो. मुलांना मत्तयाचा दुसरा अध्याय वाचावयास लावा, आणि ह्या चित्रातले काय काय तेथे सापडते ते त्यांनाच शोधू द्या. हा तास हमखास रंगतो.

तीन हा आकडा तेथे नाही. दाने तीन आहेत : सोने, ऊद व गंधरस. त्यावरून देणारे तीन असावेत असे पुढच्यांनी ठरविले. सिरियाकडील परंपरेत ते बारा होते. ‘राजे’ हा शब्दही तेथे नाही. तो स्तोत्र ७२ व यशया ६० ह्यांतून आला, कारण तेथे राजे भेटी घेऊन येतात. उंटही यशयाचेच, मत्तयाने एकही उंट आणलेला नाही. कास्पर, मेल्खिओर व बाल्थाझार ही नावे तर कित्येक शतकांनंतरची. गव्हाण आणि मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत. मत्तयात मागी लोक ‘घरात’ जातात. हेरोदाने दोन वर्षांच्या आतील मुलांना मारण्याचा हुकूम केला, त्यावरून तोपर्यंत बराच काळ गेला असावा असा तर्क निघतो.

आता ‘मागी’ ह्या शब्दाकडे पाहा. आपल्या मराठी शास्त्रात तो तसाच ठेवला आहे हे बरे झाले. ‘ज्ञानी लोक’ म्हटले की तो शब्द फार सोज्वळ होतो. हाच मूळ शब्द प्रेषितांच्या कृत्यांत तेराव्या अध्यायात बर्येशूला लावलेला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ सरळ जादूगार असा होतो. म्हणजे मत्तयाचे पहिले वाचक, जे यहूदी रीतीत वाढले होते, त्यांना हे पाहुणे आदरणीय वाटले असतील असे नाही. नक्षत्रे पाहणारे, परक्या धर्माचे, परक्या देशाचे. आणि तेच प्रथम येऊन पाया पडले.

ह्या अध्यायातली सर्वांत बोचरी गोष्ट मात्र मागी लोकांची नव्हे. हेरोद मुख्य याजक व शास्त्री ह्यांस जमवितो आणि विचारतो, ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हावयाचा? त्यांना ग्रंथ चाळत बसावे लागत नाही. मीखाचे वचन त्यांना पाठ आहे. बेथलेहेम, असे ते तत्काळ सांगतात. यरुशलेमेपासून बेथलेहेम सुमारे नऊ किलोमीटर. पायी दोन तासांची वाट. परदेशी माणसे महिनोन्‌महिने चालून आली आणि उरलेली वाट ह्या उत्तराच्या आधारावर चालून गेली. उत्तर देणारे जागचे हलले नाहीत. मत्तय त्यांना दोष देत नाही. तो त्यांचा उल्लेखच पुन्हा करीत नाही.

दर रविवारी वर्गापुढे उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वचन वाचताना मुलांकडे बोट दाखवू नये, एवढेच येथे म्हणतो.

सहा तारीखच का?

चौथ्या शतकात पूर्वेकडील मंडळ्यांत ६ जानेवारी हा मोठा सण झालेला दिसतो. त्या दिवशी येशूचे जगात येणे आणि यार्देनेतील त्याचा बाप्तिस्मा ह्यांची आठवण होत असे. रोमकडे जन्मोत्सव २५ डिसेंबरला होता. पुढे दोन्ही बाजूंनी एकमेकांचा सण उचलला : पूर्वेने जन्म २५ डिसेंबरला नेऊन ६ जानेवारी बाप्तिस्म्यासाठी ठेवली, आणि पश्चिमेने ६ जानेवारी मागी लोकांस दिली. आर्मेनियन मंडळीने मात्र आपली जुनी रीत सोडली नाही. ती जन्म व बाप्तिस्मा दोन्ही आजही ६ जानेवारीलाच पाळते. कोलकात्यात १७२४ साली बांधलेले आर्मेनियन चर्च आहे. तेथला नाताळ ह्याच दिवशी.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. रशियातील मंडळी ७ जानेवारीस नाताळ पाळते, त्याचे कारण वेगळे आहे. तिचा नाताळही २५ डिसेंबरचाच. पण ती जुने ज्युलियन पंचांग वापरते, ते सध्या आपल्या पंचांगाच्या तेरा दिवस मागे आहे. तेव्हा आपल्या ६ जानेवारीस रशियात नाताळची आदली रात्र असते.

केरळातील सिरियन ख्रिस्ती ह्या सणाला ‘दनहा’ म्हणतात. हा सिरियाक शब्द, अर्थ ‘उदय’. काही गावी केळीचा खांब उभा करून त्यावर दिवे लावतात. मागी लोकांच्या ताऱ्यापेक्षा यशयाच्या साठाव्या अध्यायातील प्रकाश तेथे अधिक जवळचा वाटतो.

हा सण आम्हां प्रॉटेस्टंटांचा नव्हे, असे कोणी म्हणतील. त्यांना लाइप्झिग शहराची आठवण द्यावी. तेथील लूथरन मंडळीत बाखने रचलेल्या नाताळच्या मोठ्या संगीतरचनेचा सहावा व शेवटचा भाग १७३५ सालच्या ६ जानेवारीस प्रथम गायिला गेला. त्या भागाचा विषय हेरोद आणि मागी लोक हाच आहे.

गोव्यातील तीन राजे

आपल्या वाचकांपैकी गोव्यात राहणाऱ्यांना हा सण वेगळा सांगावा लागणार नाही. मांडवीच्या उत्तर तीरावर, पणजीच्या समोर, ‘रेईश मागुश’ नावाचे गाव आहे. हे पोर्तुगीज नाव म्हणजे शब्दशः ‘मागी राजे’. आपल्या मराठी शास्त्रातला तोच मागी शब्द एका गावाचे नाव होऊन बसला आहे. तेथील चर्च फ्रान्सिस्कन साधूंनी सोळाव्या शतकात बांधले. ६ जानेवारीस तेथे, तसेच दक्षिण गोव्यातील चांदोर व कासावली येथे, तीन मुलगे राजांचा पोशाख घालून, डोक्यावर मुकुट चढवून, घोड्यांवरून मिरवत येतात. चांदोर व कासावली येथे आसपासच्या तीन गावांतून एकेक राजा निघतो. कासावलीला तिघांच्या वाटा वेगवेगळ्या असून टेकडीवरील कपेलाकडे त्या एकत्र मिळतात. मत्तयात तीन नाहीत, राजे नाहीत, घोडेही नाहीत, असे आपण नुकतेच मुलांना शिकविले. तरी कोण्या गावच्या मुलाला त्या दिवशी राजा होण्याचा मान मिळाला असेल त्याच्यापुढे हे व्याख्यान देऊ नये. वेगवेगळ्या वाटांनी निघालेली माणसे एके ठिकाणी पोहोचतात, हे मत्तयातले सत्य त्या मिरवणुकीत शाबूत आहे.

दर्पण

आता मंडळीच्या बाहेर येऊ. शुक्रवार, ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ ह्या पत्राचा पहिला अंक निघाला. मराठीतले हे पहिले वृत्तपत्र. संपादक बाळशास्त्री जांभेकर, कोकणातील पोंभुर्ल्याचे. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात. (हा बाळशास्त्रींचा जन्मदिवस असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते, ते बरोबर नाही, जन्म पत्राचा.) पानावर दोन रकाने असत, एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. प्रथम पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षी साप्ताहिक झाले आणि १८४० पर्यंत चालले. पुढे बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ नावाचे मासिक काढले. एल्फिन्स्टन संस्थेत प्राध्यापकपद मिळविणारे ते पहिल्या भारतीयांपैकी एक.

ज्या काळी ज्ञान म्हणजे संस्कृत पोथी किंवा इंग्रजी पुस्तक, त्या काळी दोन्ही जाणणाऱ्या ह्या तरुणाने ते मराठी वाचणाऱ्यापुढे, घरच्या भाषेत, उघडे करून ठेवले. विधवांच्या स्थितीविषयी त्यात लिहिले गेले, विज्ञानाविषयी लिहिले गेले. दहा वर्षांनी, १८४२ साली, अमेरिकन मराठी मिशनने त्या वेळच्या अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू केला, तेव्हा वाट नवी नव्हती.

परंतु ख्रिस्ती वाचकांनी बाळशास्त्रींना केवळ पहिले संपादक म्हणून नमस्कार करून पुढे जाऊ नये. आपला आणि त्यांचा एक अवघड संबंध आहे, आणि तो वर्गातील मोठ्या मुलांना सांगण्याजोगा आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. हेच पुढे जालन्याजवळ बेथेल वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुलगा अज्ञान आहे असे ठरवून न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. आता खरी अडचण उभी राहिली. परजातीच्या घरी राहून, जेवूनखाऊन आलेला मुलगा ज्ञातीत परत घ्यावयाचा की नाही? घेऊ नये, असे म्हणणारे शास्त्रीपंडित पुष्कळ होते, आणि आधाराची वचने त्यांच्याजवळ होती. बाळशास्त्री म्हणाले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे. त्यासाठी त्यांनी खटपट केली आणि स्वतःच्या समाजाचा रोष ओढवून घेतला.

आपले पूर्वज ह्या प्रकरणात दुसऱ्या बाजूस होते. मिशनऱ्यांना तो मुलगा ख्रिस्ताकडे यावा असे वाटत होते. बाळशास्त्रींना तो घरी परतावा असे वाटत होते. आपण कोणत्या बाजूचे, हे सांगावयास नको. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एक लहान मुलगा दोन दारांच्या मध्ये उभा होता, त्याचे घरचे दार शास्त्राच्या आधाराने बंद केले जात होते, आणि ते उघडावे म्हणून एक माणूस जागचा हलला. १८४६ मध्ये बाळशास्त्री वारले, तेव्हा ते अजून तरुणच होते.

सहा टिंबे

दर्पण निघाल्यावर वीस वर्षांनी, ६ जानेवारी १८५२ रोजी, पॅरिस येथे लुई ब्रेल क्षयाने मरण पावला. त्र्याचाळीस वर्षे नुकतीच पुरी झाली होती. बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावचा. बाप खोगीर व लगाम बनविणारा. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानातील हत्याराने त्याच्या डोळ्याला इजा झाली, ती दुसऱ्या डोळ्यात पसरली, आणि थोड्या काळात तो पूर्ण आंधळा झाला. दहाव्या वर्षी त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत घातले. तेथे पुस्तके होती. नेहमीचीच अक्षरे जाड कागदावर उठविलेली, एकेक अक्षर बोटाने चाचपून ओळखावयाचे. पुस्तक इतके जड की मुलाला उचलवू नये, आणि अशी पुस्तकेही थोडीच. शिवाय ती वाचता आली तरी मुलाला स्वतः काही लिहिता येत नसे.

शार्ल बार्बिये नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने अंधारात, दिव्यावाचून वाचता यावी अशी बारा टिंबांची लिपी काढली होती. ती शाळेत आली. लुईच्या बोटांना तिचे दोष लगेच कळले. बारा टिंबे एका बोटाखाली मावत नाहीत. शिवाय ती उच्चार दाखवीत असे, शुद्धलेखन नव्हे. त्याने बाराची सहा केली. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ साली त्याने ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. तो स्वतः त्याच शाळेत शिक्षक झाला, आणि पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे.

ह्यापुढचा भाग शिक्षकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. १८४० नंतर शाळेला नवा संचालक आला. त्याला ही टिंबे पसंत नव्हती. डोळसांना वाचता येणार नाही ती लिपी आंधळ्यांनी का वापरावी, असा त्या काळच्या अनेकांचा विचार होता. त्याने जुनी पुस्तके जाळविली आणि टिंबांना मनाई केली. मुलांनी ती सोडली नाहीत. रात्री, चोरून, मिळेल त्या टोकदार वस्तूने ती एकमेकांना लिहीत राहिली. शेवटी शाळेलाच माघार घ्यावी लागली. तरी फ्रान्समध्ये ह्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ साली, म्हणजे लुईच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, फ्रान्सने त्याच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये थोर पुरुषांच्या शेजारी नेल्या. गावाने त्याचे हात मात्र आपल्यापाशी ठेवून घेतले.

ह्या गोष्टीत वाईट माणूस कोणीच नाही. त्या शिक्षकांना अंध मुलांचे कल्याणच हवे होते. फक्त डोळ्यांना सुंदर दिसणारे अक्षर बोटांना कसे लागते, हे त्यांनी बोटांना कधी विचारले नाही.

आपल्या मंडळीचाही ह्या सहा टिंबांशी संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड ह्यांनी १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ति मिशनमध्येही अंध स्त्रियांना ब्रेल शिकविली गेली. त्या काळी भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ साली सर्वांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरली.

तार आणि बलाम

ह्याच तारखेच्या आणखी काही गोष्टी थोडक्यात. ६ जानेवारी १८८४ रोजी ब्रुनो शहरच्या मठाचा अधिपती ग्रेगोर मेंडेल वारला. मठाच्या बागेत वाटाण्याची झाडे लावून त्याने आनुवंशिकतेचे नियम शोधले आणि १८६६ मध्ये छापले. जगाने ते वाचले १९०० साली. आजच्या मुलांना ही तारीख विचाराल तर ती कपिल देवचे (१९५९) किंवा ए. आर. रहमानचे (१९६७) नाव घेतील. घेऊ द्यावे.

पण तारेची गोष्ट सोडू नये. ६ जानेवारी १८३८ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतील मॉरिसटाऊनजवळच्या एका लोखंडाच्या कारखान्यात सॅम्युएल मोर्स व आल्फ्रेड वेल ह्यांचे तारयंत्र चालले. मोर्स हा पाळकाचा मुलगा आणि धंद्याने चित्रकार. त्याच आठवड्यात ते यंत्र लोकांना दाखविले गेले. पुढे २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिली मोठी तार गेली. तिचे शब्द एका तरुण मुलीने सुचविले होते आणि ते शास्त्रातले होते : गणना २३:२३, देवाने केवढे कार्य केले ह्या अर्थाचे वचन. आपल्याकडे पुढे ‘तार आली’ म्हटले की घरातल्यांच्या काळजात धस्स होई. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली, तेव्हा पुष्कळांना तिचाही उमाळा आला.

ते वचन कोणाच्या तोंडचे आहे, ते मुलांना शोधावयास सांगा. बलामाच्या. आणि एकच पान उलटून गणना २४:१७ काढा. तेथे याकोबातून निघणाऱ्या ताऱ्याविषयीचे भविष्य आहे, तेही बलामाचेच. हा बलाम इस्राएली नव्हता. तो पूर्वेकडील पर्वतांतून, पैसे देऊन, शाप देण्यासाठी आणलेला विदेशी द्रष्टा होता. त्याच्या तोंडून आशीर्वाद निघाला. मत्तयाने ताऱ्यामागून पूर्वेचे मागी आणले, तेव्हा त्याच्या मनात हा बलाम होता असे पुष्कळ भाष्यकारांस वाटते. मलाही तसेच वाटते.

वर्गासाठी

जवळच्या रविवारी पुढील कृती करून पाहावी. एक जाड पुठ्ठा, त्याखाली घडी घातलेला टॉवेल, आणि शाई संपलेले बॉलपेन एवढे पुरे. ब्रेलच्या घरात टिंबांचे दोन उभे स्तंभ असतात : डावीकडे वरून खाली १, २, ३; उजवीकडे वरून खाली ४, ५, ६. भारती ब्रेलमध्ये ‘येशू’ हे नाव चार घरांत येते. ‘य’ साठी १, ३, ४, ५, ६. ‘ए’ साठी १, ५. ‘श’ साठी १, ४, ६. ‘ऊ’ साठी १, २, ५, ६. एकूण चौदा टिंबे. बोटाला जे उंच लागते ते कागदाच्या दुसऱ्या बाजूस असते, म्हणून टोचताना उजवीकडून डावीकडे जावयाचे आणि प्रत्येक घर आरशातल्यासारखे उलटे घ्यावयाचे : १, २, ३ उजवीकडे आणि ४, ५, ६ डावीकडे. टोचून झाले की पुठ्ठा पालथा करावा, एका मुलाचे डोळे रुमालाने बांधावेत, त्याचे बोट पहिल्या टिंबावर ठेवावे आणि वर्गातील बाकीच्या सर्वांनी अगदी गप्प राहावे.